बाळ काय करू पाहते आहे ते आधी पाहा: पहिल्या वर्षातील खेळणी आणि खेळ

बारसे आटोपून पाहुणे गेले की पलंगावर भेटवस्तूंचा ढीग उरतो. त्यात बॅटरीवर नाचणारे अस्वल, रिमोटची मोटार, प्लास्टिकचा ढोल असे बरेच काही निघते; बारा दिवसांच्या बाळाच्या उपयोगाचे मात्र बहुधा काहीच नसते. बडोद्याला दांडिया बजारातल्या आमच्या घरी नातीच्या बारशाला नेमके हेच झाले. मुलगा आणि सून दोघेही नोकरी करणारे असल्यामुळे दिवसाचा मोठा भाग बाळ माझ्यापाशी असणार हे ठरलेले होते. त्यामुळे कोणती खेळणी हाताशी ठेवायची, कोणती माळ्यावर टाकायची आणि एवढ्याशा जिवाशी खेळायचे तरी काय, हे प्रश्नही माझ्याकडेच आले. दोन मुले वाढवलेली असल्यामुळे हे आपल्याला येतेच असा माझा समज होता. तो फार दिवस टिकला नाही.

खोक्यावर छापलेले वय सुरक्षिततेसाठी पाळलेच पाहिजे. ‘३ वर्षांखालील मुलांसाठी नाही’ असे लिहिले असेल तर तिथे वाद घालू नये. पण केवळ त्या आकड्यावरून खेळण्याची निवड होत नाही. बाळाचे डोळे, हात आणि पाय या आठवड्यात काय करू पाहत आहेत ते ओळखून, त्याच धडपडीला हातभार लावणारी वस्तू समोर ठेवणे, एवढेच खरे काम आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या वस्तू फार थोड्या असतात.

पहिली पायरी: चार दिवस नुसते पाहा

खरेदीला निघण्यापूर्वी चार दिवस बाळाकडे लक्षपूर्वक पाहावे. दूध पिऊन, ढेकर काढून आणि लंगोट बदलून झाल्यावर जी वीस-पंचवीस मिनिटे बाळ शांतपणे जागे असते, ती पाहण्याची आणि खेळण्याची खरी वेळ होय. त्या वेळात त्याची नजर कुठे खिळते, मुठी बंद असतात की उघडू लागल्या आहेत, हात तोंडापर्यंत पोहोचतो का, आवाज आला की ते हालचाल थांबवून ऐकते का, हे एका कागदावर टिपून ठेवावे. मी हे दूधवाल्याच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानांवर लिहीत असे, आणि तीन आठवड्यांनी ती पाने चाळली तेव्हा बाळाची किती प्रगती झाली होती ते पाहून मीच चकित झाले.

बाळ मुदतीपूर्वी जन्मलेले असेल तर वय जन्मतारखेपासून न मोजता डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजावे. दोन महिने आधी जन्मलेल्या सहा महिन्यांच्या बाळाकडून चार महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा ठेवायची असते, आणि ही वजाबाकी साधारण दोन वर्षांचे होईपर्यंत चालू ठेवतात.

याच चार दिवसांत बाळाचे ‘पुरे’ ओळखायलाही शिकावे. मान वळवणे, जांभई देणे, पाठीची कमान करणे, बोटे ताणून फाकवणे ही सगळी थांबण्याची विनंती असते. अशा वेळी खुळखुळा अधिक जोरात वाजवून बाळाला पुन्हा खेळात ओढू पाहणे ही आपल्याकडच्या हौशी नातेवाइकांची जुनी खोड आहे, आणि त्यांना थोपवण्याचे काम घरातल्या थोरामोठ्यांनीच करावे, कारण सुनेने तसे सांगितले तर ते अनेकांना लागते.

दुसरी पायरी: पहिले तीन महिने चेहरा हेच खेळणे

नवजात बाळाला सुमारे २० ते ३० सेंटिमीटर अंतरावरचेच बऱ्यापैकी दिसते. मांडीवर घेतलेल्या बाळापासून आपला चेहरा साधारण तेवढ्याच अंतरावर असतो. म्हणून या काळात विकत आणलेल्या कोणत्याही वस्तूपेक्षा माणसाचा हलता, बोलता चेहरा अधिक कामाचा ठरतो. बाळाने ‘अं’ किंवा ‘आगू’ असा आवाज काढला की तोच आवाज त्याला परत द्यावा आणि मग गप्प बसावे. हे गप्प बसणे सर्वांत अवघड असते. मनातल्या मनात दहापर्यंत अंक मोजावेत. लहान बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो, आणि आपण मध्येच बोललो तर त्याची पाळी हुकते.

आमच्याकडे घरात मराठी, शेजारी गुजराती आणि दूरदर्शनच्या संचावर हिंदी असते. यामुळे बाळ गोंधळेल, उशिरा बोलेल, अशी भीती बडोद्यातल्या बऱ्याच मराठी घरांत व्यक्त होते. तिला आधार नाही. दोन-तीन भाषा कानांवर पडल्याने बोलणे खुंटत नाही; ज्याने त्याने आपल्या सहज भाषेत बोलावे. मात्र संचावरची भाषा ही बोलण्यात धरू नये, कारण तो बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

ठळक काळ्या-पांढऱ्या आकृत्या लहान बाळांच्या नजरेला लवकर सापडतात. त्यासाठी महागडी कार्डे घेण्याची गरज नाही. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड काळ्या पट्ट्या, एक मोठे वर्तुळ आणि बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन काढले की काम होते. पाळण्यावर चिमणाळे टांगायचे असेल तर टांगण्यापूर्वी स्वतः बाळाच्या जागी डोके ठेवून वर पाहावे. बाजारातली बरीचशी चिमणाळी उभ्याने पाहणाऱ्या गिऱ्हाइकासाठी सुंदर केलेली असतात. खालून पाहणाऱ्या बाळाला केवळ पोपटांची पोटे दिसतात. ते बाळाच्या हाताला लागणार नाही इतके उंच आणि पक्के बांधावे, आणि बाळ हातांवर रेटा देऊन छाती उचलू लागले की, म्हणजे पाचव्या महिन्याच्या सुमारास, काढून टाकावे.

आपल्या परंपरेतली एक वस्तू मात्र या वयाला विलक्षण साजेशी आहे, ती म्हणजे पायातले वाळे. अमेरिकेच्या मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या पायाला एक फीत बांधून तिचे दुसरे टोक वर टांगलेल्या खेळण्याला जोडले, तेव्हा आपण पाय हलवला की वरचे खेळणे हलते हे बाळांच्या काही मिनिटांतच ध्यानात आले आणि ती अधिक पाय मारू लागली. घुंगरांचे वाळे बाळाला हाच धडा देतात. नात नऊ आठवड्यांची असताना एकदा पाय झाडून थांबली, कान दिल्यासारखी स्तब्ध झाली, आणि मग तोच पाय पुन्हा झाडून पुन्हा थांबली. ते चार-पाच वेळा झाले तेव्हा तिला काहीतरी गवसले आहे हे माझ्या ध्यानात आले. अट इतकीच की प्रत्येक घुंगरू सराफाकडून पक्के डाख देऊन घ्यावे, आठवड्यातून एकदा ओढून पाहावे आणि झोपवताना वाळे काढून ठेवावेत. फितीचा प्रयोग घरी करू नये, तिचा फास बसू शकतो. गळ्यातला काळा दोराही याच कारणाने काढावा. हौस असेल तर तीट पुरेशी आहे.

उरला पालथे झोपवण्याचा प्रश्न. बाळाला झोपेसाठी नेहमी पाठीवरच निजवावे. पालथे घालायचे ते जागेपणी आणि कोणीतरी समोर असतानाच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ सालच्या मार्गदर्शनानुसार अजून सरकू न लागलेल्या बाळाने दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटे पालथे असावे, आणि त्याला एकाच जागी एका तासापेक्षा जास्त वेळ जखडून ठेवू नये. ही ३० मिनिटे एका दमात नव्हे, तर सुरुवातीला दोन-तीन मिनिटांच्या तुकड्यांत जमवायची असतात. पंच्याची गुंडाळी छातीखाली द्यावी आणि आपण जमिनीवर आडवे होऊन बाळाच्या नजरेसमोर यावे. गुडघे दुखणाऱ्या आजीने बाळाला आपल्या छातीवर पालथे घेतले तरी चालते. गुजरातेत घरोघरी दिसणारे कापडी घोडियुं, म्हणजे झोळीसारखा पाळणा, झोप लागण्यासाठी सोयीचे वाटते, पण त्यातून बाळाला कापडापलीकडचे काही दिसत नाही आणि हातपायही मोकळे होत नाहीत, म्हणून जागेपणाचा वेळ चटईवर अंथरलेल्या गोधडीवरच जावा.

तिसरी पायरी: हात उघडले की खुळखुळा

पहिल्या महिन्यांत तळव्यात बोट दिले की बाळ मूठ आवळते, ते आपोआप घडते, त्यात त्याची इच्छा नसते. ही आपोआप आवळणारी मूठ सैल होऊन बाळ स्वतःहून वस्तूकडे हात नेऊ लागते ते साधारण चौथ्या महिन्यात. खुळखुळ्याची वेळ ही. तो निवडताना पाहायच्या गोष्टी अशा: दांडा आपल्या करंगळीइतका जाड असावा, वजन इतके कमी असावे की तो बाळाच्या हातून स्वतःच्याच तोंडावर पडला तरी लागू नये, कारण तो पडणारच, आणि मधोमध मोकळी जागा असलेला, कड्यासारखा असेल तर उत्तम, कारण कडे कोणत्याही बाजूने धरता येते.

खेळवताना खुळखुळा बाळाच्या हातात कोंबू नये. छातीच्या थोड्या वर, किंचित बाजूला, हात लांबवला तर पोहोचेल एवढ्या अंतरावर धरून थांबावे. डोळे आधी जातात, मग खांदा हलतो, मग मूठ हवेतच उघडझाप करते, आणि एखादे वेळी वस्तूच्या पलीकडेच जाते. ही सारी धडपडच बाळाचा खेळ आहे. दर दिवशी बाजू बदलावी, म्हणजे दोन्ही हातांना काम मिळते. पकडलेली वस्तू थेट तोंडात जाईल, आणि तिला तिथून ओढून काढू नये. या वयात ओठ आणि जीभ हीच तपासणीची साधने आहेत. म्हणून जी वस्तू तोंडात गेलेली चालणार नाही ती मुळात हातातच देऊ नये.

चौथी पायरी: सहाव्या महिन्यानंतर स्वयंपाकघराकडे वळा

आधाराने बसू लागलेल्या बाळासाठी मी सर्वांत जास्त वापरलेली खेळणी म्हणजे स्टीलची वाटी, लाकडी चमचा, कडा गुळगुळीत असलेला छोटा डबा आणि मलमलीचा रुमाल. एके दुपारी नातीच्या उजव्या हातात वाटी होती आणि मी तिच्यापुढे चमचा धरला. तिने उजवाच हात पुढे केला, वाटी चमच्यावर आपटली, आवाजाने दचकली, मग वाटीकडे बराच वेळ पाहून ती डाव्या हातात घेतली आणि रिकामा झालेला उजवा हात चमच्याकडे नेला. मोजायला गेले तर मिनिटभरही लागले नसेल, पण एका हातातून दुसऱ्या हातात वस्तू घेणे, जे या सुमारास जमू लागते, ते माझ्या डोळ्यांदेखत घडले. त्यानंतर आठवडाभर घरात वाटी-चमच्याचा गजर चालला. त्याला इलाज नाही.

वस्तू मुद्दाम खाली टाकून आपल्याकडे पाहण्याचा खेळही याच काळात सुरू होतो. तो खोडसाळपणा नसून पडलेली वस्तू कुठे जाते, आवाज कसा येतो आणि आजी ती उचलून देते का, याचा शोध असतो. दहा वेळा उचलून द्यावी. अकराव्या वेळी कंटाळा आला तर खेळ बदलावा, रागावू नये.

सुमारे आठव्या महिन्यापासून नजरेआड झालेली वस्तू अजून तिथेच आहे हे बाळाला कळू लागते, आणि रुमालाखाली चेंडू झाकून शोधण्याच्या खेळाला खरी गोडी येते. सुरुवातीला चेंडूचा थोडा भाग दिसू द्यावा, मग पूर्ण झाकावा. पदराआड तोंड लपवून ‘कुक्’ करण्याचा खेळ त्याआधीपासून चालू असतोच. तळहातावर बोटाने चारा टिपवून मग ती बोटे हळूहळू काखेपर्यंत पळवण्याचा आपला जुना खेळही आता रंगतो, मात्र त्यातला जीव शेवटच्या धावेपूर्वीच्या थांबण्यात आहे. तो विराम मुद्दाम लांबवून पाहावा. बाळ गुदगुल्या होण्याआधीच हसू लागते, म्हणजे पुढे काय होणार ते त्याला आठवते.

नवव्या महिन्यापासून अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत बारीक वस्तू धरता येऊ लागतात. मग डब्यात घालणे आणि बाहेर काढणे, चेंडू एकमेकांकडे लोटणे, जाड पुठ्ठ्याच्या पुस्तकाची पाने उलटणे या खेळांची पाळी येते. त्याच चिमटीमुळे जमिनीवर पडलेला शेंगदाणा, गोळी किंवा पिनही तोंडात जाऊ शकते. यासाठी रोज सकाळी स्वतः चटईवर रांगत एक फेरी मारावी. उभ्याने जे दिसत नाही ते तिथे दिसते.

पांगुळगाडा आणि वॉकर एक नव्हेत

लाकडी पांगुळगाड्याला बाळ स्वतः उभे राहून, त्याचा दांडा धरून पुढे ढकलते. वॉकरमध्ये बाळाला मध्ये बसवलेले असते आणि ते पायांच्या टोकांनी वेगाने फिरते, जिन्यापर्यंत किंवा शेगडीपर्यंत पोहोचते, आणि त्याने चालणे लवकर येत नाही. कॅनडाने २००४ पासून अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली आहे. पांगुळगाडाही बाळ धरून उभे राहू लागल्यावरच द्यावा आणि सुरुवातीला गाड्यात थोडे वजन ठेवावे, म्हणजे तो एकदम पळत नाही.

बडोद्याहून सुमारे ५० किलोमीटरवर, आताच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात, संखेडा आहे. तिथल्या कातीव, लाखकाम केलेल्या सागवानी पाळण्यांचे आणि झोपाळ्यांचे आपल्याला कौतुक असते आणि ते योग्यच आहे. पण त्या चकाकत्या रंगाचे सामान बसण्यासाठी केलेले असते, चावण्यासाठी नव्हे. दात येणाऱ्या बाळाच्या तोंडात जाणारे लाकडी खेळणे घ्यायचे असेल तर कारागिराला बिनरंगी, फक्त घासून गुळगुळीत केलेले मागावे. हीच गोष्ट सावंतवाडीहून आलेल्या रंगीत लाकडी फळांची. ती पुढच्या भातुकलीसाठी जपून ठेवावीत.

बाजारात उभे असताना

मंगळबाजारात गर्दीतून वाट काढत हातगाडीवरचे स्वस्त खुळखुळे चाळायला मलाही आवडते, आणि तिथेच माझी चूक झाली. घरी आणलेल्या एका खुळखुळ्याची टोपी मी सहज पिळून पाहिली तर ती हातात आली आणि आतले मोहरीपेक्षा थोडे मोठे मणी गोधडीभर पसरले. नात तेव्हा झोपलेली होती. तेव्हापासून दुकानातच पिळणे, ओढणे आणि वाकवणे मी सोडत नाही, मग दुकानदार काहीही म्हणो.

भारतात खेळण्यांच्या गुणवत्तेचा २०२० सालचा आदेश १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर या ॲपवर टाकला की परवाना कोणाचा आणि चालू आहे का ते कळते. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून हातकामाच्या खेळण्यावर चिन्ह नसले तर लगेच ते खोटे ठरत नाही. मात्र मग रंग कोणता वापरला हे कारागिराला विचारण्याची जबाबदारी आपली.

तपासणी पुढीलप्रमाणे करावी. सुमारे ४ सेंटिमीटर व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीतून जे खेळणे किंवा त्याचा जो सुटा भाग आरपार जातो, तो तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतो, असे समजून नाकारावा. दोरी वीतभरापेक्षा लांब नसावी. कापडी बाहुलीचे डोळे बटणांचे नसून भरतकामाचे असावेत. ओल्या पांढऱ्या फडक्याने जोरात घासल्यावर रंग उतरत असेल तर ते खेळणे परत करावे. रंग न उतरणे म्हणजे शिसे नाही असा मात्र अर्थ होत नाही, म्हणून भडक रंगाचे बेनाम खेळणे टाळलेलेच बरे. वाजणारे खेळणे आपल्या कानाला लावून पाहावे, कारण बाळ ते तिथेच नेणार आहे. लोहचुंबक असलेले काहीही आणू नये.

बॅटरीच्या खणाला स्क्रू आहे की नुसती खाच, हे तर सर्वांत आधी पाहावे. नाण्यासारखी चपटी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही आतून गंभीर इजा करू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवण्याच्या फंदात न पडता थेट रुग्णालय गाठावे. घशात काही अडकून बाळाला रडता किंवा खोकताही येत नसेल तर कोणाला तरी १०८ क्रमांक लावायला सांगून बाळाला आपल्या हातावर, डोके खाली करून पालथे घ्यावे, दोन खांद्यांमध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा माराव्यात, मग उताणे करून छातीच्या मधोमध ५ वेळा दाब द्यावा, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. न दिसणाऱ्या वस्तूसाठी तोंडात बोट घालू नये, ती आत ढकलली जाते. हे वाचून येत नाही, म्हणून बालरोगतज्ज्ञांकडून एकदा प्रत्यक्ष करून दाखवून घ्यावे.

रोजची व्यवस्था

एका वेळी टोपलीत चार-पाच वस्तूच ठेवाव्यात आणि बाकीच्या कपाटात. आठवड्याने अदलाबदल केली की जुनी वाटीही नवी होते. तोंडात जाणारी खेळणी साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडी करावीत, कापडी खेळणी उन्हात वाळवावीत. भोक असलेली, दाबल्यावर पिचकारी मारणारी रबरी बदके आतून बुरशी धरतात, त्यामुळे ती मी घेतच नाही. मोबाइल दोन वर्षांपर्यंत दूर ठेवावा. परगावच्या मावशीशी चित्रफोनवर बोलणे तेवढे चालते.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर कमाटीबागेत जावे. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली उभारलेल्या या बागेतल्या गमती पाहायला आपण उत्साहाने बाळाला नेतो, आणि बाळ मात्र हलणाऱ्या पानांतून येणाऱ्या उजेडाकडे पाहत बसते. पाहू द्यावे, आणि ते जिकडे पाहते त्याचे नाव सांगावे. बोट दाखवू लागलेल्या बाळाशी बोलण्याचा याहून चांगला मार्ग मला सापडलेला नाही.

डॉक्टरांना केव्हा विचारावे

प्रत्येक बाळाचा वेग वेगळा असतो, तरी काही गोष्टींसाठी वाट पाहू नये. तिसऱ्या महिन्याअखेर बाळ माणसाकडे पाहून हसत नसेल, मोठ्या आवाजाला प्रतिसाद देत नसेल, पाचव्या महिन्यात मान धरत नसेल, मुठी सतत आवळलेल्याच राहत असतील, नवव्या महिन्यात नावाने हाक मारल्यावर वळत नसेल किंवा आधारानेही बसत नसेल, तर पुढच्या लसीच्या तारखेपर्यंत न थांबता दाखवून घ्यावे. वर्षाच्या आत बाळ एकच हात वापरते आणि दुसरा बाजूलाच ठेवते, हे डावखुरेपणाचे किंवा उजवेपणाचे लक्षण समजून कौतुक करू नये. तेही डॉक्टरांना सांगण्याजोगे आहे. आलेली एखादी क्षमता बाळ गमावू लागले तर लगेच जावे. जाताना ममता कार्ड, म्हणजे गुजरातेत मिळणारे आई-बाळाच्या तपासण्यांचे आणि लसींचे कार्ड, आणि आपली टिपणांची वही दोन्ही बरोबर न्यावीत. आमच्या डॉक्टरांनी कार्ड पाहून झाल्यावर दूधवाल्याच्या हिशेबाची वही मागून घेतली आणि मागची पाने दोनदा वाचली.